एकवीस दिवसांची अमानत

अप्पा, तू लई हलकट निघालास बे. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ न्हाईत म्हणतात. पण जित्तेपणी तू मला कधी धड शिव्या देऊ दिल्या न्हाईस, मधीच भज्यांची ताटली पुढं सारायचास. आता ताटली न्हाई. आता ऐक.

परवा व्यापाऱ्यांनी तुझी शोकसभा घेतली. मी पार मागं, चपलांजवळ उभा होतो. एकानं सांगितलं तुझा जन्म कुठला, दुसऱ्यानं सांगितलं दुकान कधी काढलं, तिसरा म्हणला, मन्मथअप्पा म्हंजे शांत, निर्व्यसनी, शुद्ध शाकाहारी माणूस. शुद्ध शाकाहारी म्हणला तवा मला हसू आलं, आन लगीच असा हुंदका फुटला की शेजारच्यानं दंडाला धरून मला भाईर नेलं. मला बोलायला कुणी बोलावलं न्हाई. बोलावलं असतं तरी मला जे बोलायचं ते चारचौघांत बोलायजोगं न्हाई. म्हून गॅरेजच्या ह्या वहीत, जिच्यात गिऱ्हाइकाच्या गाडीचं काम टिपून ठेवतो, तिच्या मागच्या पानांवर लिहायलोय. गिचमिड हाय, हाताला ग्रीस हाय, तू समजून घे.

बोलायचं एवढंच हाय. तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग माझ्याकडं राहिलं. एकवीस दिवस राहिलं. तुझ्या गळ्यात लिंग ठेवायचा चांदीचा चौका लटकत होता, आन तो आतून रिकामा होता. ते तुला, मला आन माझ्या बायकोला, सलमाला, सोडून बीडात कुणालाच ठावं न्हाई असं मी समजत होतो. तू मागायला आला न्हाईस. मी द्यायला आलो न्हाई. आन बाविसाव्या दिवशी तू दुकानात गादीवर बसल्या बसल्या मान टाकलीस. आता मी काय करू, सांग. कुणाच्या पाया पडू म्हंजे ते एकवीस दिवस मला परत मिळतील?

तुमच्या लिंगायतांत काय असतं ते मला तुझ्याकडूनच ठावं. गळ्यातलं लिंग जीव असंस्तवर अंगाभाईर ठेवायचं न्हाई. रोज आंघोळ करून, हातावर घेऊन पूजा करायची, त्याच्याबिगर पाणी बी प्यायचं न्हाई. आन माणूस गेला की त्याला बसवून, हातावर तेच लिंग देऊन मातीत ठेवायचं. आपण सातवीत असताना शाळेमागच्या लिंबाखाली तू हे मला सांगितलतंस. मी म्हणलो, म्हंजे तुमी बी मातीतच आन आमी बी मातीतच, फरक काय? तू म्हणलास, "फरक हाय बे. मी बसून जाणार, तू झोपून. तितं बी तू आळशीच." त्यावर आपण किती दिवस हसलो. आता ते आठवलं की घास खाली जात न्हाई.

खाण्याचं म्हणशील तर तुझ्यासारखा खवय्या मी बघितला न्हाई. दुकान किराण्याचं, पण नाव मसाल्याचं. आमटीला घालायचा येसूर तुझ्यासारखा कुणाला भाजायला जमला न्हाई. साऱ्या पेठेतल्या मटणाला मसाला तुझा, आन मटण कसं लागतं ते तुलाच ठावं न्हाई. बकरी ईदला तू माझ्या दारात उभा राहायचास आन नुसत्या वासावरून आत हाक मारायचास, सलमाभाभी, शहाजिरं जुनं हाय, माझ्याकडून कावून न्हाई नेलं? सलमा आतून म्हणायची, ह्यांना नाकानं जेवता येतं. रमजान ईदला शिरखुर्मा मातर तू वाटीनं न्हाई, तांब्यानं प्यायचास.

मग ते तिरफळ आलं. रत्नागिरीचा एक आमसुलाचा व्यापारी दर साली तुझ्याकडं यायचा. ह्या साली त्यानं मूठभर तिरफळं काउंटरवर ठेवली आन म्हणला, आमच्याकडं बांगड्याच्या आमटीत घालतात. तू एक चावलंस. जिभेला मुंग्या आल्या. लगीच मला बोलावणं धाडलंस आन मला बी चावायला लावलंस. पन्नाशीतले दोन बाप्ये तोंडं उघडी टाकून बसलो, लाळ गळायली, गिऱ्हाइकं बघायली. तू म्हणलास, आजवर असा मसाला न्हाई जो मला कळला न्हाई, आन हे काय हाय? मी म्हणलो, वांग्यात घालून बघ. घातलंस. वरणात घालून बघितलंस. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर येऊन म्हणलास, न्हाई जमलं मुनीर, हे दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघायलंय.

आठ दिवसांनी परत आलास. स्टुलावर बसलास आन म्हणलास, रत्नागिरीला जाऊन येऊ, शुक्रवारी निघू, सोमवारी परत. मी हसलो. तुझं तोंड बघितलं आन हसू थांबलं. इतका काकुळतीला आलेला तुला मी कधी बघितला न्हवता. म्हणलास, एकदाच बे, एकदा समिंदर बघायचा आन एकदा तो मासा खायचा, परत न्हाई म्हणणार. मला वाटलं, खाण्याचं येड. ते येड न्हवतं, अप्पा. मी गाडीचा आवाज ऐकून सांगतो कुठली बेरिंग गेली. आन माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा आवाज मला कळला न्हाई.

घरी तू सांगितलंस, कोल्हापूरला गुळाच्या सौद्याला चाललोय. मी सांगितलं, जीपची ट्रायल घ्यायची हाय. आष्टीच्या एका मुकादमाची जीप माझ्याकडं कामाला आलती, आन मुकादम ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन कारखान्यावर गेलता. इतकी लांब ट्रायल बीडात आजवर कुणी घेतली नसंल. शुक्रवारी सकाळी निघालो. वहिनीनं धपाटे आन शेंगादाण्याची चटणी बांधून दिलती, ती तू मांजरसुंब्याच्या आधीच उघडलीस. सोलापुरात जुम्म्याची नमाज गाठली. मी आत गेलो, तू भाईर माझ्या चपला राखत बसलास. मी आलो तर तू शेजारच्या भजेवाल्याला सांगत होतास की ओवा चोळून घालायचा असतो, नुसता टाकायचा नसतो. चपला मातर पायाखाली धरून ठेवलत्यास.

शनवारी सकाळी कोल्हापुरातून आंबा घाट उतरलो. तू खिडकीतून डोकं भाईर काढून वास घेत होतास. म्हणलास, हवेत नारळ हाय. मी म्हणलो, हवेत चिखल हाय, नीट बस. आन मग मांडवीला समिंदर दिसला. आपल्याकडं टँकर आला की बायका हंडे घेऊन पळतात, आन हितं एवढं पाणी नुसतंच पडलेलं. शेवटी किराणावालाच तू. म्हणलास, एवढं मीठ, आन आपण पोत्याचं वजन तपासून घेतो.

खाणावळ बंदराच्या वाटेवर होती, एका बाईच्या घरातच, पडवीत चार टेबलं. बाईनं सांगितलं, बांगड्याची आमटी हाय, तिरफळ घातलेली, तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. तू नुसती नावं ऐकून डोळे मिटलेस. आन मग मला हात धुवायच्या जागी बोलावलंस. बनियनमधून चौका भाईर काढलास, उघडलास, आन आतलं काळं, गुळगुळीत लिंग माझ्यापुढं केलंस. म्हणलास, "माझ्या अंगावर असताना मी हे खाणार न्हाई. खाली ठेवायचं न्हाई, खिशात टाकायचं न्हाई. माझं जेवण होईस्तोवर तुझ्या हातात धर." रिकामा चौका परत गळ्यात सोडलास. म्हणलास, गळा मोकळा दिसायला नको, कुणी वळखीचं भेटलं तर.

तुला सांगतो, मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस. आजवर कुणी माझ्या हातात असं काही दिलं न्हवतं. मी साबणानं दोनदा हात धुतले आन उजव्या मुठीत धरलं. डावा हात कसा लावू? आमच्यात डावा हात चांगल्या कामाला न्हाई. मूठ छातीशी धरून टेबलावर येऊन बसलो.

ताटं आली तवा माझ्या ध्यानात आलं. माझ्यापुढं ताट, आन माझा उजवा हात बंद. डाव्या हातानं जेवणार कसा? बाईनं विचारलं, हाताला काय झालं हो तुमच्या? तू म्हणलास, लागलंय. ती म्हणली, चमचा देते. तू म्हणलास, नको, मी हाय की. आन तू माझ्या ताटातला बांगडा तुझ्या बोटांनी फोडलास. आपल्याला दोघांना बी काटे काढायची सवय न्हाई. तू तांदळातले खडे निवडल्यागत एकेक काटा भाईर काढलास, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवलास आन माझ्या तोंडात घातलास.

अप्पा, आपली दोस्ती पाटी-पेन्शिलीपासूनची. पण तुझ्या घरी माझी पंगत नेहमीच वेगळी, वसरीवर. त्याचं तू कधी बोलला न्हाईस, मी बी न्हाई. मला राग न्हवता. मला वाटायचं, असंच असतं. आन त्या दिवशी तू मला आईनं भरवावं तसं भरवलंस, चारचौघांत, मासा. मी मान खाली घालून खात होतो. तुला वाटलं मला तिखट लागलं. तिखट न्हवतं बे.

मला चार घास भरवले आन मग तू तुझा पहिला घास घेतलास. तिरफळ, बांगडा आन भाकरी. डोळे मिटलेस. समोरची माणसं जेवून उठली तरी तू तोच घास घोळवत होतास. मग म्हणलास, "आलं बे. ज्याची वाट बघत होतं ते आलं." तुझ्या तोंडावर तसलं समाधान मी परत बघणार न्हाई. तेवढं मला तू दाखवलंस, त्याचे उपकार मी कुठं ठेवू?

जेवण संपत आलं तवा तू एकदम थांबलास. छातीवर हात ठेवलास, कपाळावर घाम. मी उठायला लागलो, तू खुणेनं बसवलंस. म्हणलास, काटा अडकला. बाई पळत आली, म्हणली, कोरडा भात गिळा, जाईल खाली. तू गिळलास. थोड्या येळानं घाम वाळला, आन तू सोलकढी मागितलीस. मला पटलं. काटाच तो. बांगड्याला लई काटे असतात.

लिंग तू परत घेतलं न्हाईस. म्हणलास, ह्या तोंडानं न्हाई घालणार. सोमवारी परत जाताना कपिलधारला थांबू, तितल्या स्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊ, धारेखाली आंघोळ करू आन मग गळ्यात घालतो. तोवर तुझ्यापाशी ठेव. तू हो म्हणलास म्हून मी पांढऱ्या रुमालात बांधून छातीच्या खिशात ठेवलं, आन रातभर पालथा झोपलो न्हाई.

रविवारी सकाळी आंघोळ करून तू माझ्यापुढं बसलास. पूजा चुकवायची न्हवती आन हात बी लावायचा न्हवता. म्हणलास, हात पुढं कर, त्याच्यावर ठेव. मी उजवा पुढं केला. "डावा," तू म्हणलास. मी म्हणलो, डावा? तू म्हणलास, आमी डाव्यावरच घेतो, आन मेल्यावर बी डाव्याच तळहातावर देतात. मला राग आला. म्हणलं, मग काल कावून बोलला न्हाईस, मी खुळ्यागत उजवी मूठ बांधून बसलो. तू विभूती चिमटीत धरून हसत होतास. "सांगितलं असतं तर तुला भरवायला कुठं मिळालं असतं?"

माझ्या डाव्या हातावर तू पूजा केलीस. दोन बोटांनी पाणी शिंपडलंस, फूल ठेवलंस. मला त्यातलं काही कळत न्हाई. पण हात हलू दिला न्हाई.

कोल्हापुरात गुळाची ढेप घेतली, घरी दाखवायला. सोमवारी सकाळी मुक्कामाच्या जागी परत तशीच पूजा केली, आन दिवस कलायच्या आत मांजरसुंब्याला आलो. ढाब्यावर रबडी मागवलीस. कपिलधारचा फाटा समोर दिसत होता. आन तितं, रबडीचा चमचा हातात धरून, तू मला सांगितलंस. तो काटा न्हवता. औरंगाबादच्या डॉक्टरनं तपासून सांगितलंय, काळजाच्या दोन नळ्या बंद हायेत, पुण्याला जाऊन ऑपरेशन करा. महिना झाला. घरी कुणाला सांगितलं न्हाई. छाती कापल्यावर माणूस उठतो का न्हाई कोण जाणं, म्हून आधी तिरफळाचं काय ते बघून घेतलं.

तू हे गुळाच्या भावावर बोलावं तसं बोललास. माझ्या डोक्यात आग गेली. घाटात काही झालं असतं तर मी काय केलं असतं? वहिनीला कोणतं तोंड दाखवलं असतं? मी नको नको ते बोललो. म्हणलो, मासे खायला माझा हात पाहिजे आन जगायला नको? म्हणलो, आत्ताच्या आत्ता जीप फिरवतो, पुण्याला चल. तू म्हणलास, गाडी चालव, डॉक्टरकी करू नको. दिवाळीनंतर बघू. मी म्हणलो, मग मी आज जाऊन वहिनीला सांगणार. तू उठलास. रबडी अर्धी राहिली. जन्मात तू ताटात काही टाकलेलं मी बघितलं न्हवतं. म्हणलास, "तुझ्या वहिनीला सांगितलंस तर तुला मी मेलो." आन समोर थांबलेल्या एसटीत चढलास. मी थांबवलं न्हाई. मी म्हणलो, जा. एवढंच म्हणलो, जा. गाडी गेली आन मग छातीवर हात गेला, खिशात रुमाल होता.

ढेप मी रिक्षात घालून तुझ्या घरी पाठवली. लिंग न्हाई पाठवलं. ही काय रिक्षात पाठवायची वस्तू हाय? हातानं हातात द्यायची. मागायला येईल की, मी म्हणलो. रोज पूजा लागती त्याला, किती दिवस राहील, उद्या येईल. उद्या झाला, परवा झाला. घरात कुराणशरीफ ठेवतो त्या फळीवर, शेजारी, मी तो रुमाल ठेवला. सलमा रोज सकाळी चहा देताना एकच म्हणायची, "अमानत है जी, देको आओ." मी म्हणायचो, त्याला यायला काय झालं. ती म्हणायची, दोनों भी गधे. बरोबर म्हणायची.

वहिनीला मी सांगितलं न्हाई. आता कळतंय, तू बजावलतंस म्हून न्हाई. तुझ्यावरच्या रागानं न्हाई सांगितलं. म्हणलं, नको ना माझी डॉक्टरकी, बस मग. अल्ला मला माफ करो. सांगितलं असतं तर तू मला मेला असतास, पण साऱ्यांना जित्ता असतास. मी रस्त्यानं जाताना तुला दुकानात बघितलं असतं, तू तोंड फिरवलं असतंस. फिरवलं असतंस तर काय बिघडलं असतं? ते फिरवलेलं तोंड बी मला चाललं असतं, अप्पा.

तुझ्या दुकानात नवा फोन आलता. माझ्या गॅरेजसमोर एसटीडीवाल्यानं पिवळा बोर्ड लावलता. मी तीन दिवस लागोपाठ, सकाळी साडेअकराला, तितं जाऊन तुझा नंबर फिरवला. पहिल्या दिवशी तू हॅलो म्हणलास, मी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी बी तसंच. तिसऱ्या दिवशी तू हॅलो म्हणलाच न्हाईस. नुसता श्वास ऐकू येत होता. माझा तुला येत असंल. मीटर पळत होतं. मी ठेवला. तू मातर ठेवला न्हवतास, एवढं मला ठावं हाय.

बाविसाव्या दिवशी दुपारी मी ट्रकखाली झोपलतो. कुणीतरी वाकून म्हणलं, मसालेवाला अप्पा गेला. मला वाटलं, गावाला गेला. ट्रकखालून भाईर आलो तवा त्याचं तोंड दिसलं. मी तसाच तुझ्या घराकडं पळालो, आन निम्म्या वाटेवरून माघारी फिरलो. कारण दिवस मावळायच्या आत तुला नेणार. तुमचे विधी करणारे स्वामी चौका उघडणार. आन चारचौघांपुढं तो रिकामा निघणार. लोक काय म्हणतील, मन्मथअप्पानं देव कुठं टाकला? शुद्ध शाकाहारी मन्मथअप्पा. तुझी ती अब्रू माझ्या फळीवर रुमालात पडलीय, आन माझ्या हाताला कोपरापर्यंत काळं ग्रीस. मी घासलेटानं हात धुतले, साबणानं धुतले, परत धुतले. नखातलं जाईना. सलमानं वीट घासून काढलं. ती रडायली होती आन घासायली होती. शेवटी रुमाल घेतला आन मुठीत धरून पळालो. पेठेतून पळताना मला एकच येत होतं तोंडात, थांब बे, थांब बे, थांब बे.

तुला भिंतीला टेकवून बसवलतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, हाराखाली चौका. भजन चाललं होतं. स्वामी येऊन बसलते. मी दारातच उभा राहिलो. एवढ्या माणसांतून जाऊन मी काय सांगू? कुणाला सांगू? वहिनी तुझ्यापाशी बसलती. तिनं मला बघितलं. माझ्या मुठीकडं बघितलं. उठली आन मला आत स्वयपाकघरात ये म्हणून खुणावलं. एवढ्या वर्सांत मी त्या चौकटीच्या आत गेलो न्हवतो.

आत ओट्याखाली ती गुळाची ढेप तशीच होती, गोणपाट बी काढलं न्हवतं. मी मूठ पुढं केली. ती म्हणली, "आणलंत का, मुनीरभाऊ?"

तिला ठावं होतं, अप्पा. तू पहिल्याच दिवशी तिला सारं सांगितलतंस. मासा बी, काळीज बी. मी ज्याच्यासाठी एकवीस दिवस तोंड दाबून बसलो ते तू त्या सोमवारीच, एसटीतून उतरून, सांगून मोकळा झालतास. ती म्हणली, रोज आंघोळ करून, दार लावून, रिकामा डावा हात पुढं धरून बसायचे. पूजा न्हाई म्हून सकाळचं काही घ्यायचे न्हाईत. दुपारी एकदा, तेबी दूध-भाकरी. साऱ्या गावाला मसाला विकणारा तू, एकवीस दिवस दूध-भाकरी. ती म्हणली, स्वामींकडून दुसरं मागून घ्या, तर म्हणायचे माझं मुनीरकडं हाय. निरोप धाडू का, तर म्हणायचे, न्हाई, त्याचा तो येऊ दे. रोज साडेअकराला फोनपाशी जाऊन बसायचे, दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचे न्हाईत.

आन मग तिनं ते सांगितलं. आवाज बी चढवला न्हाई तिनं. म्हणली, "पुण्याला चला म्हणून मी रोज पाया पडत होते. म्हणायचे, मुनीर लिंग घेऊन येईल तवा त्याच्यासंगं जातो, त्याच्याबिगर त्या टेबलावर चढणार न्हाई. माझी पिशवी भरून ठेवा, तो आज येईल."

दाराच्या मागं खुंटीला तुझी पिशवी होती. टॉवेल, दोन बनियन, धपाट्याचा डबा रिकामा.

आता सांग. सांग ना बे. माझं घर आन तुझं घर, मधी चार गल्ल्या. चालत गेलं तर विडा तोंडात संपत न्हाई. तेवढं मी चाललो न्हाई. लोक म्हणतात, आलेली येळ चुकत न्हाई. मला कुणी असं म्हणलं की त्याच्या तोंडावर पाना फेकून मारावा वाटतो. येळ आली न्हवती. मी गेलो न्हवतो.

वहिनीनं फळीवरून झाकणाचा तांब्या काढला. कपिलधारचं पाणी. तुझी आंघोळ राहिलती, म्हून तिनं कुणाकडून तरी मागवून ठेवलतं. माझ्या हातातलं लिंग तिनं माझ्याच हातावर धुतलं, रुमालानं पुसलं. मग भाईर जाऊन वाकून स्वामींच्या कानाशी काहीतरी बोलली. स्वामींनी माझ्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. मला वाटलं, आता सारं संपलं. त्यांनी तुझ्यापुढची जागा सोडली आन जरा बाजूला सरकले. वहिनी म्हणली, तुमीच ठेवा.

मी तुझ्यासमोर गुडघे टेकले. भजन चालूच होतं. समोर बसलं की तुझा डावा माझ्या उजव्या बाजूला येतो, माझा गोंधळ झाला, हात थांबला. मग मला तुझं ते हसू आठवलं, विभूती चिमटीत धरलेलं. तुझा हात थंड होता. बोटं मिटत न्हवती, मी एकेक करून मिटवली.

डाव्याच हातावर दिलं, अप्पा. ह्या बारीला चुकलो न्हाई.